क्रूझवरील वैद्यकीय खर्च

पर्यटक जहाजावर प्रवासी आजारी पडला किंवा जखमी झाला, तर जहाजाच्या दवाखान्यात, पुढच्या बंदरातील रुग्णालयात आणि तेथून घरी पोहोचेपर्यंत येणारा खर्च. क्रूझच्या भाड्यात खोली, चार वेळचे खाणे, नाटक-नाच, पोहण्याचा तलाव असे बरेच काही येते. डॉक्टर येत नाही. पुण्याला समुद्र नाही, तरीही या नोंदीत पुण्याचा विचार प्रामुख्याने केला आहे. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर, तसेच सहल कंपन्यांबरोबर किंवा परदेशातल्या मुलाबाळांसोबत सिंगापूर, अलास्का, भूमध्य समुद्र अशा क्रूझवर पुण्यातली निवृत्त मंडळी हौसेने जातात. शिवाय खर्चाचे पैसे परत मिळवण्याची भांडणे शेवटी पुण्यातच, त्यातही बरीचशी नारायण पेठेत, लढवता येतात.

मराठी माणसाला समुद्रप्रवास नवा नाही. ‘कोकणसेवक’, ‘कोकणशक्ती’ या बोटींनी भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, मालवण, पणजी गाठणाऱ्यांची पिढी अजून आहे. त्या बोटीवर ‘बोट लागणे’ हाच मुख्य आजार होता आणि त्यावर आल्याचा तुकडा किंवा लिंबू हाच इलाज. ही वाहतूक १९८०च्या दशकापर्यंत टिकली. पुढे ऑक्टोबर २०१८मध्ये ‘आंग्रिया’ ही मुंबई-गोवा रात्रीची बोट सुरू झाली. सप्टेंबर २०२१मध्ये कॉर्डेलिया कंपनीने ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून सोडायला सुरुवात केली. हे जहाज १९९०चे. ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने ते आधी रॉयल कॅरिबियनकडे होते. मुंबई बंदरातील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. पुण्याचा प्रवासी सकाळी द्रुतगती मार्गाने निघून दुपारी जहाजावर चढतो. चढताना तो आपला फॅमिली डॉक्टर, कॅशलेस कार्ड आणि ओळखीचे रुग्णालय किती मागे टाकून आला आहे, याची जाणीव त्याला सहसा नसते.

जहाजाचा दवाखाना बहुधा खालच्या मजल्यावर, उतरण्याच्या दाराजवळ असतो. तेथे जहाज कमी हलते आणि स्ट्रेचर थेट बाहेर काढता येतो. सकाळी दोन-तीन तास आणि संध्याकाळी दोन-तीन तास अशी त्याची वेळ असते. अवेळी गेल्यास आकार जास्त. किमान सोयी कोणत्या असाव्यात यासाठी अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शक सूचना केल्या आहेत आणि मोठ्या क्रूझ कंपन्या त्या पाळतात. प्रवासी व कर्मचारी मिळून दर हजार माणसांमागे एक खाट, जहाजावर एक अतिदक्षता खाट, ईसीजी, डीफिब्रिलेटर, व्हेंटिलेटर, रक्ताच्या प्राथमिक तपासण्या असे त्यांचे स्वरूप आहे. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवण्याचे औषध देता येते. अँजिओप्लास्टी करता येत नाही. फ्रॅक्चरला प्लास्टर होते, खुब्याची शस्त्रक्रिया होत नाही. थोडक्यात, रुग्णाला बंदरापर्यंत टिकवून ठेवणे एवढेच या दवाखान्याचे काम, आणि ते तो बऱ्यापैकी करतो.

दर कंपनीगणिक बदलतात. परदेशी जहाजांवर साध्या तपासणीला साधारण १०० ते २०० डॉलर पडतात, म्हणजे पुण्यात तज्ज्ञ डॉक्टर हजार-बाराशे घेतो त्या कामाचे नऊ हजारांपासून अठरा हजारांपर्यंत. त्यावर सलाइन, इंजेक्शन, ईसीजी, रक्ततपासणी, प्राणवायू यांची ओळीने नोंद होते. दिवसभर निरीक्षणाखाली ठेवले, तर आकडा सहज हजारांत जातो, डॉलरच्या हजारांत. रोख पैसे कोणी मागत नाही. खोलीचे दार उघडणारे आणि बारमध्ये चालणारे तेच कार्ड येथेही चालते. रक्कम केबिनच्या खात्यावर चढते आणि प्रवास संपताना चॉकलेट, फोटो, वायफाय यांच्या जोडीला ‘मेडिकल सेंटर’ अशी ओळ छापून येते. भारतीय क्रेडिट कार्ड जोडलेले असेल तर चलन बदलण्याचा साडेतीन टक्क्यांपर्यंतचा आकार आणि त्यावरचा जीएसटी निराळा.

याला एक मजेशीर अपवाद आहे. बोट लागण्याच्या गोळ्या पुष्कळ जहाजांवर फुकट मिळतात आणि उलट्या-जुलाब झालेल्याला अनेक कंपन्या तपासणीचे पैसे लावत नाहीत. यामागे दया नसून हिशेब आहे. नोरोव्हायरस हजारो माणसांच्या जहाजात वणव्यासारखा पसरतो. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांना पोटाच्या आजारांचे आकडे तेथील रोगनियंत्रण केंद्राला कळवावे लागतात. हा कार्यक्रम १९७५पासून चालू आहे. पैशाच्या भीतीने कोणी आजार लपवला, तर कंपनीचे नुकसान तपासणी-शुल्कापेक्षा कितीतरी मोठे. म्हणून ज्याचे दुखणे इतरांना लागू शकते त्याला मोफत, आणि ज्याच्या छातीत दुखते त्याला बिल, असा हा न्याय आहे.

त्याहून ठळक भेद प्रवासी आणि कर्मचारी यांच्यात आहे. सागरी कामगार करार २००६मध्ये झाला, २० ऑगस्ट २०१३ रोजी अमलात आला आणि भारताने तो ९ ऑक्टोबर २०१५ रोजी मान्य केला. त्यानुसार नाविकाला जहाजावर आणि बंदरात वैद्यकीय सेवा मोफत मिळायला हवी. आजारपणातील जहाजमालकाची जबाबदारी १६ आठवड्यांच्या आत संपवता येत नाही. १०० किंवा अधिक माणसे घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या जहाजात पात्र डॉक्टर ठेवण्याची सक्तीही याच करारात आहे. म्हणजे ज्या डॉक्टरचे बिल प्रवासी भरतो, तो डॉक्टर जहाजावर आहे तो प्रामुख्याने खलाशांच्या हक्कामुळे. लोणी काळभोरच्या ‘मॅनेट’मधून किंवा तळेगावजवळच्या इंदुरीच्या तोलानी संस्थेतून शिकून जहाजावर गेलेल्या मुलाचे अपेंडिक्स दुखले तर खर्च मालकाचा, तोच मुलगा आईवडिलांना क्रूझवर घेऊन गेला, तर त्यांच्या आजारपणाचा खर्च त्याच्या खिशातून.

पुणेकर प्रवाशाची सगळ्यात मोठी गैरसमजूत मेडिक्लेमविषयी असते. नेहमीच्या आरोग्य विम्यात, जादा कलम घेतलेले नसल्यास, भारतातल्याच उपचारांचा खर्च मिळतो. जहाज भारतीय किनाऱ्यालगत असले तरी प्रश्न सुटत नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाण व्याख्येत ‘रुग्णालय’ म्हणजे कायद्याखाली नोंदणी झालेली संस्था. किंवा मग दहा लाखांखालील वस्तीच्या गावात किमान १० आणि इतरत्र किमान १५ खाटा, चोवीस तास पात्र परिचारिका व डॉक्टर आणि सुसज्ज शस्त्रक्रियागृह असलेली जागा. दोन-तीन खाटांचा, शस्त्रक्रियागृह नसलेला जहाजी दवाखाना या व्याख्येत बसवणे अवघड. त्यात बहुतेक दाव्यांना सलग २४ तास भरती असण्याची अट असते, आणि जहाजावर तपासून, सलाइन लावून सहा तासांत केबिनमध्ये पाठवणे हीच रीत. मुंबई-गोवा क्रूझवर तर ही अडचण दुहेरी होते : परदेश प्रवास नसल्याने परदेशी प्रवास विमा कोणी काढलेला नसतो आणि घरचा मेडिक्लेम दवाखान्याच्या दारात अडतो. भारताची प्रादेशिक जलमर्यादा १९७६च्या कायद्यानुसार १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर आहे. जहाज त्या क्षणी आत होते की बाहेर, हा वाद दावा फेटाळणाऱ्याला आणखी एक मुद्दा देतो. देशांतर्गत क्रूझच्या तिकिटाबरोबरच छोटा वैद्यकीय विमा विकण्याची साधी सोय व्हायला हवी, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे.

सरकारी योजनांचा येथे उपयोग नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि सत्तरीपुढच्यांना २०२४पासून मिळणारे आयुष्मान वय वंदना कार्ड ही दोन्ही अंगीकृत रुग्णालयांतच चालतात. क्रूझवर जाणारे वय नेमके हेच, म्हणून ही गोष्ट सांगणे भाग आहे.

परदेश सहलीत प्रवास विमा बहुधा असतो. पुण्यात येरवड्याला मुख्यालय असलेल्या बजाज समूहाच्या सर्वसाधारण विमा कंपनीसह अनेक कंपन्या तो विकतात. रक्कम डॉलरमध्ये असते, पहिले १०० डॉलर किंवा तत्सम रक्कम स्वतः सोसावी लागते. खरी मेख पूर्वीच्या आजारांत आहे. रक्तदाब, मधुमेह, जुना स्टेंट यांपैकी काहीतरी साठीनंतर बहुतेकांकडे असतेच. त्यांच्याशी जोडलेल्या उपचारांना पॉलिसी एकतर नकार देते किंवा जीव वाचवण्यापुरते, मर्यादित पैसे देते. साठीपुढच्यांसाठी खोलीभाडे, शस्त्रक्रिया यांवर वेगळ्या कमाल मर्यादाही आढळतात. सहल कंपनीच्या कार्यालयात फॉर्म भरताना ‘काही आजार?’ या रकान्यात ‘नाही’ लिहिणे ही सोय वाटते. पुढे जहाजावरच्या डॉक्टरने केस पेपरवर प्रवाशानेच सांगितलेली बीपीची गोळी टिपलेली असते आणि दावा तेवढ्यावर अडतो.

अमेरिकेतल्या मुलांनी आईवडिलांसाठी तेथे काढलेल्या पाहुण्यांच्या विम्यातही समुद्रावरचे उपचार धरलेले आहेत का, ते आधी तपासावे लागते. खुद्द अमेरिकेची मेडिकेअर योजना जहाज अमेरिकी बंदरात किंवा बंदरापासून सहा तासांच्या आत असेल तरच जहाजावरच्या उपचारांचा विचार करते. ब्रिटनचे युरोपात चालणारे आरोग्यकार्डही क्रूझ जहाजाच्या दवाखान्यात चालत नाही. तेव्हा हे फक्त भारतीय पॉलिसींचे दुखणे नव्हे.

जहाजावरचे बिल कितीही खुपले तरी ते लहान असते. मोठा आकडा जहाज सोडल्यावर सुरू होतो. समुद्रातून उचलण्याचे काम बहुधा त्या देशाचे तटरक्षक दल करते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भारतीय तटरक्षक दलाचे मुंबईतील सागरी बचाव समन्वय केंद्र ही सूत्रे हलवते. अमेरिकी तटरक्षक दल बचावाचे पैसे आकारत नाही. त्यानंतरच्या खासगी रुग्णवाहिका-विमानांचे बिल मात्र काही दहा हजारांपासून लाखभर डॉलरच्या पुढे जाते. अंटार्क्टिका सफरीचे अनेक आयोजक म्हणूनच वैद्यकीय स्थलांतराचा विमा दाखवल्याशिवाय चढू देत नाहीत.

लहान बंदरात उतरवलेल्या रुग्णाची स्थिती पाहण्यासारखी असते. स्ट्रेचर दारातून बाहेर जातो, मागून पत्नी दोन बॅगा, दोन पासपोर्ट आणि औषधांचा डबा घेऊन उतरते, आणि संध्याकाळी जहाज ठरल्या वेळी निघून जाते. रुग्णालय आधी अनामत मागते. जहाज कंपनीचा बंदरातील एजंट गाडी आणि दुभाषा मिळवून देतो. पैसे भरत नाही. विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर उतरण्याआधीच फोन झाला असेल, तर हमीपत्र थेट रुग्णालयात येऊ शकते; न झाल्यास पुण्यातल्या किंवा न्यू जर्सीतल्या नातेवाइकाच्या कार्डावर सगळे पडते. भारतीय पासपोर्टला एक जादा अडचण आहे. जहाजाबरोबर दिवसभर फिरायला चालणारी परवानगी आठवडाभर रुग्णालयाशेजारी राहायला पुरेलच असे नाही, आणि एकदाच प्रवेश देणारा व्हिसा वापरून झाला असेल, तर परतीचा मार्गही बदलावा लागतो.

बंदरात उतरणे हे गृहीत धरता येत नाही, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले. जानेवारी २०२२च्या सुरुवातीला मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलियाच्या जहाजावर सुमारे दोन हजार माणसे होती. मुरगाव बंदरात केलेल्या चाचण्यांत ६६ जण कोरोनाबाधित निघाले. बाधितांना गोव्यात उतरवण्याचा तिढा सुटेना, तेव्हा जहाज त्यांच्यापैकी बहुतेकांना घेऊन मुंबईला परतले. त्याआधी दोन वर्षे, फेब्रुवारी २०२०मध्ये, जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’वरील ३,७११ जणांपैकी ७१२ बाधित झाले होते. त्यावर १३८ भारतीय होते, त्यांपैकी १३२ कर्मचारी. लागण न झालेल्या ११९ भारतीयांना २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानाने दिल्लीला आणले गेले.

उपचार चुकले तर भरपाई कोणाकडे मागायची, हा प्रश्न वेगळा आणि किचकट आहे. तिकिटाच्या करारात डॉक्टर हा कंपनीचा नोकर नसून स्वतंत्र व्यावसायिक आहे, असे लिहिलेले असे आणि अमेरिकी न्यायालये ते मानत. १९८८च्या बार्बेटा खटल्याने हा पायंडा पक्का केला. २०१४मध्ये फ्लोरिडासह तीन राज्यांसाठीच्या अपील न्यायालयाने फ्रँझा विरुद्ध रॉयल कॅरिबियन खटल्यात तो मोडला आणि कंपनीला जबाबदार धरण्याची वाट उघडली. मोठ्या कंपन्यांची मुख्यालये मायामीत असल्याने त्या निकालाला वजन आले. पण खटलाही बहुधा तेथेच भरावा लागतो. करारातील तसे कलम वैध असल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये कार्निव्हल विरुद्ध शूट खटल्यात ठरवले आहे. सदाशिव पेठेतून मायामीत वकील लावणे किती जणांना परवडेल?

विमा कंपनीशी असलेले भांडण मात्र घरच्या अंगणात लढता येते. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवायचे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जाता येते. नकारापासून एक वर्षाची मुदत असते. मुंबई महानगर वगळता महाराष्ट्राच्या बहुतेक भागासाठीचे लोकपाल कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा देता येतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९च्या कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. आयोगाची पायरी भरलेल्या हप्त्यावरून ठरते, मागितलेल्या भरपाईवरून नव्हे. त्यामुळे चार-पाच हजारांचा हप्ता भरलेला प्रवासी मोठ्या रकमेसाठीही पुण्याच्याच आयोगात आणि शुल्काविना जाऊ शकतो. मुदत दोन वर्षांची. दोन्हीकडे कागद तेच लागतात : जहाजाच्या दवाखान्याचे तपशीलवार बिल, डॉक्टरची सही असलेली टिपणे, तपासण्यांचे अहवाल, पैसे भरल्याची पावती आणि पासपोर्टवरचे शिक्के. केबिनच्या हिशेबातील ‘मेडिकल सेंटर’ ही एकटी ओळ पुरावा म्हणून चालत नाही. तपशीलवार बिल उतरण्याआधी दवाखान्यातून हाती घ्यावे लागते; नंतर ते ई-मेलवर मागवायचे तर जहाज तोवर दुसऱ्या समुद्रात असते आणि डॉक्टरचे कंत्राटही संपलेले असू शकते.