मेदाम्लांचे वायू-वर्णलेखन : स्थिर प्रावस्थेचा इतिहास

वायू-वर्णलेखन अर्थात गॅस क्रोमॅटोग्राफी या तंत्राचा इतिहास बहुधा उपकरणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मेदाम्लांच्या बाबतीत ही मांडणी अपुरी पडते. येथे निर्णायक प्रगती घडली ती स्तंभातील द्रवामुळे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लीड्स येथील लोकर संशोधन संस्थेत काम करताना आर्चर मार्टिन व रिचर्ड सिंज यांनी १९४१ च्या शोधनिबंधात द्रव-द्रव विभाजन वर्णलेखन मांडले. चल प्रावस्था द्रवच असावी असे नाही, ती बाष्परूपही असू शकेल, असेही त्यांनी नमूद केले. विभाजन वर्णलेखनासाठी त्यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु बाष्पाविषयीची ती सूचना जवळजवळ दहा वर्षे पडून राहिली. अखेर ती मार्टिन यांनीच अँथनी जेम्स यांच्यासह लंडनमधील मिल हिल येथे सिद्ध केली.

१९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कार्यात फॉर्मिक आम्लापासून बारा कार्बनांच्या डोडेकॅनॉइक आम्लापर्यंतची मेदाम्ले वेगळी करण्यात आली. बाहेर पडणाऱ्या आम्लाचे अनुमापन स्वयंचलित ब्युरेटने होत असे. अडचण निराळीच होती. हायड्रोजन बंधांमुळे आम्लाचे रेणू जोडीने राहू पाहतात आणि त्यांचे पट्टे विस्कटतात. स्तंभातील सिलिकोन द्रवात स्टिअरिक आम्ल मिसळून त्यांनी यावर मात केली. मेदाम्ले वेगळी करण्यासाठी मेदाम्लाचीच मदत!

लांब साखळ्यांची आम्ले सहजी बाष्परूप होत नाहीत. म्हणून ती मिथिल एस्टरांत रूपांतरित करण्याची पद्धत रूढ झाली. तरीही अठरा कार्बनांचा पेच उरलाच. शेंगदाण्याचे तेल घ्या वा करडईचे, त्यांतील ओलेइक व लिनोलेइक या दोन्ही आम्लांत कार्बन अठराच. भेद केवळ दुहेरी बंधांच्या संख्येचा. अपिएझॉन ग्रीसच्या अध्रुवीय स्तंभातून असंतृप्त एस्टर स्टिअरेटच्या आधी बाहेर पडत, पण आपापसांत मिसळलेले. १९५८ च्या सुमारास ध्रुवीय पॉलिएस्टर वापरात आले आणि क्रमच उलटला : आधी स्टिअरेट, मग ओलिएट, मग लिनोलिएट, प्रत्येक स्वतंत्र.

याच सुमारास मार्सेल गोले यांचा केशिका स्तंभ आणि ज्वाला-आयनीभवन शोधक आले. १९७९ मध्ये सिलिकेच्या लवचीक केशिकाही आल्या. त्यांचे महत्त्व कोण नाकारील? परंतु वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाम्ले मोजण्याची वेळ आली तेव्हा प्रश्न पुन्हा द्रवापाशीच आला. सिस व ट्रान्स समघटकांत कार्बन आणि दुहेरी बंध दोन्ही समसमान. त्यांच्यासाठी सायनो गट असलेल्या अतिध्रुवीय द्रवाचे, शंभर मीटर लांबीचे स्तंभ वापरले जातात. तरीही काही शिखरे एकमेकांवर चढतातच, आणि मग रौप्य आयनांच्या साहाय्याने नमुन्याचे आधी पृथक्करण करून घ्यावे लागते.