केडगाव स्टेशन

परभणीहून पुण्याला रेल्वेने जाताना दौंड सुटलं की थोड्या वेळाने केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

माझी आजी गंगाखेडची, जनाबाईच्या गावची. तिच्या लेखी पुन्हा जन्म म्हणजे पुन्हा तोच फेरा, त्यातून सुटायचं. रमाबाईही अशाच समजुतींत वाढल्या. १८८३ साली त्या ख्रिस्ती झाल्या, तोवर आईवडील, भाऊ, नवरा सगळे गेलेले. आईवडील तर दुष्काळात. आता श्रद्धा अशी, की येशू उठला तसे मेलेलेही उठतील, देहासकट! देहच इतका मोलाचा म्हटल्यावर उपाशी पोरीला जेवू घालणं हीसुद्धा भक्तीच झाली, असं आपलं मला वाटतं. १८९६ नंतरच्या दुष्काळांत त्यांनी शेकडो मुली केडगावला आणल्या, शिकवल्या, छापखान्याच्या कामालाही लावल्या.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, पुढचा सगळा कारभार तिच्यावर सोपवायचा होता. रमाबाई तेव्हा साठी उलटलेल्या, कानांनी अधू. साध्यासुध्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणायचं काम चालू होतं. त्यासाठी हिब्रू-ग्रीक शिकलेल्या. ते त्यांनी सोडलं नाही. दुःख झालं नसेल असं कोण म्हणेल? पण लेक पुन्हा भेटणार होती..

५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. त्या वर्षीचा ईस्टर अकरा दिवसांवर होता.