गव्हाणीपासून रोबोटपर्यंत : नंदुरबार जिल्ह्यातील यंत्रशिक्षण

यंत्राची रचना, विजेवरची चालना, इलेक्ट्रॉनिक संवेदक आणि संगणकी नियंत्रण या चारही अंगांचा एकत्र अभ्यास म्हणजे मेकॅट्रॉनिक्स. रोबोटिक्स ही त्याच अभ्यासाची सर्वांत झळकणारी बाजू. जपानच्या यास्कावा इलेक्ट्रिक कंपनीतील अभियंता तेत्सुरो मोरी यांनी १९६९ मध्ये मेकॅट्रॉनिक्स हे नाव रूढ केले. त्याआधीच, १९६१ मध्ये, अमेरिकेत जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबोट कामाला लागला होता. यंत्र आधी आणि त्याचे शास्त्र नंतर, असा हा क्रम आहे. नंदुरबार जिल्ह्यातही तोच क्रम दिसतो, फक्त दोहोंमधले अंतर बरेच मोठे आहे.

मुंबई इलाख्यात अभियांत्रिकीचे संघटित शिक्षण पुण्यात सुरू झाले. सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालचे अधिकारी हवे होते, म्हणून १८५४ मध्ये पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल निघाले. आजचे सीओईपी ते हेच. कापड गिरण्यांना तंत्रज्ञ पुरवण्यासाठी मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. खानदेशाच्या वाट्याला त्या काळात शाळा आली नाही, यंत्रे मात्र आली. सुरत ते अमळनेर हा ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग १९०० पर्यंत पुरा झाला आणि नंदुरबार व नवापूर ही गावे त्यावरची स्थानके बनली. कापूस गाडीने जाऊ लागल्यावर रेल्वेच्या आसऱ्याने जिनिंग-प्रेसिंग आले. तिथले फिटर कुठल्याही वर्गात शिकलेले नव्हते. उस्तादाच्या हाताखाली राहून ते पट्टा, पुली आणि तेलावरचे इंजिन शिकले.

स्वातंत्र्यानंतर तापीकाठच्या शहादा तालुक्यात उपसा सिंचनावर ऊस आला आणि त्यामागे सहकारी साखर कारखानाही. पी. के. अण्णा पाटील यांच्या नेतृत्वाखाली पुरुषोत्तमनगरला उभा राहिलेला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आणि नवापूर तालुक्यातील डोकारे येथील आदिवासी सहकारी साखर कारखाना या जिल्ह्याच्या पहिल्या मोठ्या प्रयोगशाळा म्हणता येतील, जरी त्यांना तसे कुणी म्हटले नाही. गळीत हंगामाच्या शुभारंभाला पाहुण्यांच्या हस्ते गव्हाणीत, म्हणजे ऊस चरकाकडे वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर, मोळी टाकली जाते, तेवढेच छायाचित्र वर्तमानपत्रात येते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने बघायची जागा मात्र त्या गव्हाणीच्या दुसऱ्या टोकाला असते.

तिथे चिरलेला, कुटलेला ऊस डॉनेली शूट नावाच्या उंच, उभ्या चौकोनी नळकांड्यात पडतो. नळकांडे भरलेले असेल तर वरच्या उसाच्या वजनाने खालचा ऊस चरकाच्या लाटांमध्ये सारखा दाबला जातो. ते रिकामे झाले तर लाटा नुसत्याच फिरतात आणि रस चोथ्याबरोबर निघून जातो. ते तुडुंब भरले तर अडकते आणि सगळी गिरणी थांबते. पूर्वी हे सांभाळायला माणूस लागे. डोळे शूटवर आणि हात गव्हाणीच्या वेगाच्या चाकावर, अशी त्याची पाळी सरे. पुढे शूटच्या भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर संवेदक बसले. उसाची पातळी कुठवर आली ते संवेदक सांगतो, नियंत्रक त्यावरून हिशेब करतो आणि गव्हाण ओढणाऱ्या मोटरचा वेग कमी-जास्त होतो. मोजणे, ठरवणे आणि हलवणे या तीन क्रिया मेकॅट्रॉनिक्सच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात असतात. त्याच आवारात रसाचा सामू चुना आणि गंधकाच्या धुराने सातच्या आसपास ठेवण्यासाठी आणि साखर-मळी वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्युगलचे एकामागून एक टप्पे घडवण्यासाठीही हीच साखळी वापरतात. यातला नियंत्रक म्हणजे पीएलसी (प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर). त्याचा पहिला नमुना, मॉडिकॉन ०८४, अमेरिकेत १९६९ च्या सुमारास तयार झाला. मोरींचे वर्षही तेच.

शहादा तालुक्यातच उंटावद-होळ शिवारात लोकनायक जयप्रकाश नारायण शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली. सूतगिरणीत हे तत्त्व आणखी बारकाईने दिसते. ड्रॉ फ्रेम या यंत्रावर पेळू, म्हणजे कापसाची वात, जाड आहे की बारीक, हे दोन रुळांमधली किंचित हालचाल मोजून ठरवतात आणि पुढचे रूळ त्या प्रमाणात जलद किंवा सावकाश फिरवून पेळू सारखा करतात. या यंत्रणेला ऑटोलेव्हलर म्हणतात. मापन झाल्यापासून पेळूचा तो तुकडा पुढच्या रुळांपर्यंत पोहोचेतो सेकंदाचाही थोडाच भाग जातो आणि दुरुस्ती नेमक्या त्याच क्षणी व्हावी लागते. नियंत्रणशास्त्रातला विलंबाचा प्रश्न फळ्यावर जितका कोरडा वाटतो, तितका तो ड्रॉ फ्रेमपाशी वाटत नाही.

ही यंत्रे जवळ होती, पण सर्वांनाच जवळची नव्हती. उसाच्या बागायतीने शहादा परिसरात जमीनधारक शेतकरी आणि भिल्ल शेतमजूर यांच्यातली दरी रुंदावली. अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने पेटलेला लढा आणि १९७२ मध्ये स्थापन झालेली श्रमिक संघटना ही त्याच काळातली. हाच तालुका पुढे जिल्ह्याच्या अभियांत्रिकी शिक्षणाचे केंद्र झाला, तेव्हा वर्गातल्या बाकांवर आधी कोण बसले असेल, याचा अंदाज त्या इतिहासातून येतो. विनाअनुदानित महाविद्यालयाची फी बागायतदाराला परवडत होती, त्याच्या सालदाराला परवडत नव्हती.

ती महाविद्यालये आली १९८३ नंतर. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने त्या वर्षी खासगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढायला परवानगी दिली. या निर्णयावर टीका पुष्कळ झाली आणि शिक्षणाचा बाजार झाल्याचा आरोप खोटाही नव्हता. पण खानदेशापुरते बोलायचे तर या निर्णयाआधी इथल्या मुलाला पदवीसाठी पुणे, मुंबई किंवा औरंगाबाद गाठावे लागे. त्यानंतर बांभोरी, फैजपूर, धुळे आणि शहादा इथे महाविद्यालये उभी राहिली. शहाद्याला पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाने डी. एन. पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. साखर कारखाना आणि शिक्षणमंडळ ही दोन्ही पी. के. अण्णांच्याच नेतृत्वाखाली वाढली. पश्चिम महाराष्ट्रात अशा जोड्या अनेक होत्या, सातपुड्याच्या पायथ्याशी ही विरळाच.

ही महाविद्यालये आधी पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, त्यालाच २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. अलीकडे लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला राज्यभरातील महाविद्यालये संलग्न करून घेण्याचे अधिकार मिळाल्यावर खानदेशातील काही महाविद्यालयांनी तो पर्याय निवडला. विद्यापीठ बदलले की अभ्यासक्रमाची पुस्तिका बदलते, प्रयोगशाळा बदलायला मात्र जास्त वेळ लागतो. मायक्रोप्रोसेसर म्हणजे ८०८५ चे किट, हे समीकरण देशभरच्या महाविद्यालयांत अनेक वर्षे टिकले. इंटेलने तो प्रोसेसर १९७६ मध्ये आणला. सोळा आकडी कळफलकावर आज्ञा टंकायच्या, लाल आकड्यांत उत्तर बघायचे आणि जर्नलात उतरवायचे. किटला मोटर जोडून ती फिरवण्यापर्यंत क्वचितच कुणी जाई. यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी त्या खोलीत फारसा फिरकत नसे आणि इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी वर्कशॉपमध्ये पहिल्या वर्षानंतर जात नसे. मेकॅट्रॉनिक्सला खरा अडथळा होता तो या दोन खोल्यांमधल्या भिंतीचा.

ती भिंत अभ्यासक्रमाने पाडली नाही, स्पर्धांनी पाडली. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची रोबोकॉन स्पर्धा २००२ मध्ये सुरू झाली आणि भारतातली फेरी दूरदर्शनच्या पुढाकाराने अनेक वर्षे पुण्यात भरत राहिली. २००८ ची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यातच झाली आणि तिचा विषय होता गोविंदा. दहीहंडीचा खेळ रोबोटांना दिला गेला. उंचावरची हंडी, तिच्यातले लोणी आणि तिथवर पोहोचण्यासाठी रोबोटांनी एकमेकांना दिलेली साथ, अशी त्याची मांडणी होती. विजेतेपद चीनच्या शिआन जियाओतोंग विद्यापीठाने नेले. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी निकालापेक्षा तयारी मोलाची ठरली, कारण रोबोकॉनच्या संघात लेथ चालवणारा, सर्किट जोडणारा आणि प्रोग्रॅम लिहिणारा यांना महिनोन्महिने एकाच टेबलाभोवती बसावे लागते.

रोबोकॉनचा खर्च लहान गावच्या महाविद्यालयाला झेपणारा नव्हता. त्यांच्यासाठी अधिक उपयोगी ठरला आयआयटी मुंबईचा ई-यंत्र प्रकल्प. प्राध्यापक कवी आर्य यांच्या नेतृत्वाखालच्या या प्रकल्पाला केंद्र सरकारचा निधी होता. आयआयटीने आधी शिक्षकांना शिकवले. महाविद्यालयातल्या चार शिक्षकांचा गट फायर बर्ड फाइव्ह हा चाकांवरचा छोटा रोबोट घेऊन नेमून दिलेली कामे पार पाडी आणि मग महाविद्यालय आपली रोबोटिक्स प्रयोगशाळा उभारी. २०१२ पासून विद्यार्थ्यांसाठी ई-यंत्र स्पर्धाही भरू लागली आणि निवडलेल्या संघांना किट फुकट मिळू लागले. २००५ मध्ये इटलीत जन्मलेले आर्डुइनो बोर्डही त्याच सुमारास स्वस्तात मिळू लागले. काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी हा त्यामुळे खेड्यापाड्यातल्या महाविद्यालयांतही नेहमीचा प्रकल्प झाला, इतका नेहमीचा की परीक्षक आता तो पाहून कंटाळतात.

दरम्यान पुण्याच्या उद्योगात मागणी तयार झाली होती. चाकणला बजाज ऑटोच्या जुळणीमार्गावर माणसांशेजारी काम करणारे कोबॉट आले. टाटा समूहातील टाल कंपनीने २०१६-१७ मध्ये ब्राबो हा देशी औद्योगिक रोबोट बाजारात आणला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने कृत्रिम बुद्धिमत्ता, रोबोटिक्स अशा उदयोन्मुख विषयांना प्राधान्य दिल्यावर २०२० च्या आसपास पदवीच्या यादीत रोबोटिक्स अँड ऑटोमेशन ही स्वतंत्र शाखा दिसू लागली. पदविकेतही मेकॅट्रॉनिक्स आले आणि आयटीआयच्या व्यवसायांत औद्योगिक रोबोटिक्सची भर पडली. शाखेचे नाव नवे आहे म्हणून आतला अभ्यास नवाच असेल असे नाही. प्रवेश घेणाऱ्याने माहितीपत्रकापेक्षा प्रयोगशाळेत सहा अक्षांचा रोबोट आहे का आणि त्याला हात लावू देतात का, एवढे विचारून घ्यावे.

नंदुरबारच्या विद्यार्थ्यापुढची अडचण वेगळीच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांवर होते आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरचा मुलगा घरी पावरी किंवा भिलोरी बोलतो, आश्रमशाळेत मराठीत शिकतो आणि अभियांत्रिकीत एकदम इंग्रजीला सामोरा जातो. पहिल्या वर्षाच्या गणितात नापास होणाऱ्यांपैकी कितीतरी जण खरे तर प्रश्नाच्या भाषेतच अडकलेले असतात. २०२१ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांना मुभा दिली आणि पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने मराठीतून संगणक अभियांत्रिकी सुरू केली, पण ते पुण्यात. नंदुरबार व तळोदा येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये वसतिगृहे सांभाळतात आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजनेतून खर्चाची रक्कम मिळते. तंत्रज्ञान मात्र या जिल्ह्याला अपरिचित नाही: शहादा तालुक्यातीलच टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे टिपणारे संवेदक, म्हणजे रोबोटिक्सच्या अभ्यासातलाच एक भाग, टेंभलीला तेव्हाच पोहोचला होता.

जिल्ह्यात प्रकल्पाला विषयांची टंचाई नाही. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारी महाराष्ट्रभर माहीत आहेत. लाल मिरची उघड्यावर वाळते आणि तिचे देठ खुडायचे काम मजूर बाया हातांनी करतात. दिसायला सोपे असणारे हे काम रोबोटसाठी अवघड आहे. प्रत्येक मिरचीची लांबी, वाक आणि वाळण्याचा टप्पा वेगळा असतो, पकड जरा घट्ट झाली की साल फुटून बी सांडते, सैल राहिली की देठ सुटत नाही. कॅमेऱ्याने देठ ओळखणे त्यामानाने सोपे, पकडणाऱ्या पंजाला स्पर्शाची जाण देणे कठीण. शिवाय त्या बायांची रोजी जाणार, हा हिशेबही प्रकल्पाच्या अहवालात यायला हवा. तो सहसा येत नाही.

ज्याला बारावी विज्ञान आणि सीईटीची वाट जड जाते, त्याला दुसरी वाट नियमांतच आहे. दहावीनंतर तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटर किंवा इलेक्ट्रिशियनची दोन वर्षे, मग तंत्रनिकेतनात थेट द्वितीय वर्ष, पदविकेनंतर पुन्हा पदवीच्या थेट द्वितीय वर्षाला प्रवेश. दोन, दोन आणि तीन मिळून सात वर्षे होतात. बारावीमार्गे सहा होतात. फरक एका वर्षाचा आहे आणि या वाटेने येणारा विद्यार्थी मेकॅट्रॉनिक्सच्या वर्गात बसतो तेव्हा त्याने मोटर उघडून पाहिलेली असते.