आर्थिक नाकेबंदी, लोहखनिज आणि राजसत्तेचे बळ

राष्ट्राचे सामर्थ्य केवळ सैन्यावरून ठरत नाही, याची साक्ष शोधण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. पेडणे व डिचोली हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या ‘नव्या काबिजादी’त आले. १५ ऑगस्ट १९५४ रोजी पेडण्यातील तेरेखोल किल्ल्यावर सत्याग्रहींनी तिरंगा फडकवला. त्याच सुमारास भारत सरकारने गोव्यावर आर्थिक निर्बंध घातले. १९५५ मध्ये रेल्वे वाहतूकही बंद झाली. धान्य व भाजीपाल्यासाठी शेजारच्या मुलखावर अवलंबून असलेली ही राजवट लवकर नमेल, अशी अपेक्षा होती.

तसे घडले नाही. नाकेबंदी जमिनीवर होती. समुद्र मोकळा होता. डिचोलीचे लोहखनिज बार्जमधून मांडवीमार्गे मुरगाव बंदरात पोहोचे व तेथून जपानला जाई. युद्धानंतर पोलाद उद्योग नव्याने उभारणाऱ्या जपानला त्याची गरज होती. उलट मार्गाने पाकिस्तानातून तांदूळ व हॉलंडहून बटाटे येत. म्हणजे निर्बंधांची झळ सामान्य घराला बसली, खनिजाच्या व्यापाराला नव्हे.

तरीही या पैशाने राजवटीला मुदत मिळाली, बळ मिळाले नाही. डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी कारवाई सुरू होताच ती दोन दिवसांत संपली. पुढे २०१२ व २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा डिचोलीने एकाच उत्पन्नावर विसंबण्याची किंमत पुन्हा मोजली.

म्हणून विद्यार्थ्यांना इतिहास शिकवताना खजिन्यात किती आहे एवढेच सांगून थांबू नये. ताटातला तांदूळ कोठून येतो, हेही विचारावे.