वांटणी आणि सांधा

१९८२ सालीं चंद्रपुरांतून गडचिरोली जिल्हा निराळा झाला. सीमेवरची वैनगंगा मात्र दोघांचीच राहिली. यावरून आम्हांस गणितांतील एक जुनी वांटणी आठवते. ऐंशीकडे झुकलेल्या लेजांद्रास आढळलें कीं, पंचम घाताच्या वर्गमुळाचे कांहीं दुर्घट समाकल सोप्या विवृत्तीय समाकलांत उतरतात. १८३२ सालीं तरुण याकोबीनें तें उदाहरण व्यापक केलें. पुढील पिढ्यांनीं कारण ओळखलें : अशा वक्राशीं निगडित, याकोबीचेंच नांव ल्यालेला द्विमित अवकाश दोन विवृत्तीय वक्रांत विभागतो. परंतु हे भाग अगदीं सुटे नसतात. साध्यांत साध्या प्रकारींही दोहोंचे चार-चार बिंदु एकमेकांस सांधलेले राहतात. मूळ वक्र तर अखंडच! हिशेब वांटला, घर नाहीं. हेंच आम्हांस या इतिहासाचें मर्म वाटतें.