एक रामायण कानांचं, एक डोळ्यांचं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अमेरिकेत लायनेल बॅरीमोर नावाचा एक नट होऊन गेला. चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही १८४३ सालची गोष्ट तिकडे दर नाताळात निघते. स्क्रूज नावाचा कंजूष म्हातारा एका रात्रीत माणसात कसा येतो, त्याची ही गोष्ट. १९३४ पासून बहुतेक दर नाताळात बॅरीमोर रेडिओवर स्क्रूज व्हायचा. १९३८ साली तिचा बोलपट निघाला. भूमिका त्याचीच होती, पण प्रकृतीनं दगा दिला आणि पडद्यावर रेजिनाल्ड ओवेन आला. बॅरीमोरचा स्क्रूज लोकांनी फक्त ऐकला.

हे वाचताना मला आमच्या अब्बांचा मर्फी रेडिओ आठवला. आपल्याकडेही सणाच्या बोटाला धरून येणारी गोष्ट आहेच की. रामनवमी आली की रामायण येतं. ते मी आधी कानांनी घेतलं आणि मग डोळ्यांनी.

कानांचं म्हणजे अर्थात ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा दिवस, वार शुक्रवार. पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं. केंद्रावरचे सीताकांत लाड यांनी गदिमांना गळ घातली, गदिमांनी लिहिलं, सुधीर फडके यांनी चाली बांधल्या. आठवड्याला एक गीत, वर्षभर. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून छप्पन्न गीतं झाली. आमचा बीड जिल्हा तेव्हा महाराष्ट्रात नव्हता, हे आज कुणाच्या ध्यानातही नसतं. आम्ही हैदराबाद राज्यात होतो, ते १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत. पुण्याचं गाणं आमच्याकडे परराज्यातून यायचं. अब्बा त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांचे, शिंप्याच्या दुकानात काजं करायला बसलेले. समोरच्या हॉटेलात रेडिओ होता. खरखरत का होईना, पुणं लागायचं. गाणं सुरू झालं की उस्ताद मशीन थांबवायचे, असं अब्बा सांगत. घरात आमची बोली दखनी. शाळेतलं मराठी अब्बांच्या वाट्याला फार आलं नाही. ‘शब्द कुठून शिकलात?’ असं विचारलं की ते रेडिओकडे बोट करीत.

मी ऐकलं ते पुढं, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, सकाळच्या भक्तिगीतांत. इथं एक गंमत सांगायला हवी. १९५५ च्या मूळ प्रसारणात गायक अनेक होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, मालती पांडे. नंतरच्या ध्वनिमुद्रिकांत मात्र सगळी गीतं फडक्यांच्या एकट्याच्या गळ्यातून आली. राम तेच, शबरी तीच, कैकेयीही तीच आणि सीताही. पुरुषाच्या आवाजातली सीता मला एकदाही खटकली नाही. माझी सीता आमच्या खालाजानसारखी दिसायची, डोक्यावरून पदर, नाकात चमकी. शेजारच्या आजींची सीता त्यांच्या लेकीसारखी असणार. कुणाची कुणाला दिसत नव्हती, म्हणून भांडण नव्हतं.

पडद्यालाही हे कधीकाळी जमलं होतं. दादासाहेब फाळके यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं अण्णा साळुंके या एकाच नटानं केली. पण तो चित्रपट मुका होता. पडदा बोलू लागल्यावर ही मुभा गेली. विजय भट्टांच्या १९४३ च्या ‘रामराज्य’पासून शोभना समर्थ म्हणजे सीता, असं एका पिढीच्या डोळ्यांत बसलं.

आमच्या पिढीच्या डोळ्यांत बसवलं ते रामानंद सागरांनी. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’. मी बारावीत होतो. गल्लीत टीव्ही एकच. त्याला हार घातलेला, समोर उदबत्ती. गच्चीवर एक पोरगा अँटेना धरून उभा आणि खालून आरडाओरडा, ‘आलं, आलं, गेलं!’ चपलांचा ढीग बघून मी उंबऱ्यावरच थांबलो. हार घातलेल्या टीव्हीसमोर आपण कसं बसायचं, हात जोडायचे की नाही, काही कळेना. आजी आतून ओरडल्या, ‘अरे, दारात काय उभा राहतोस, मागच्यांना दिसंना गेलंय!’ मी बसलो. पुढचे कितीतरी रविवार बसलो. अम्मीही दोनदा आली. सीतेला वनवासात जाताना पाहून ती रडली आणि घरी येऊन अब्बांना रागावली, तुमच्या रेडिओत एवढं कळत नव्हतं म्हणून. त्यामुळं टीव्हीला मी वाईट म्हणणार नाही. पण त्या रविवारांनंतर खालाजान माझ्या रामायणातून गेल्या. त्यांच्या जागी दीपिका चिखलिया आल्या, त्या कायमच्या. मी प्रयत्न करून पाहिला आहे. गाणं लागलं की आताही अरुण गोविल यांचं मंद हसू आधी येतं, फडक्यांचा सूर मागून.

दोन्हींत आणखी एक फरक आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सागरांनी मालिका राज्याभिषेकावर संपवली, ३१ जुलै १९८८ ला. पुढची गोष्ट अडचणीची आहे ना! उत्तर भारतात वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप केले. वाल्मीकींच्या आश्रमातला भाग दाखवा, ही त्यांची मागणी. मग त्याच वर्षाअखेरीस ‘उत्तर रामायण’ आलं. गदिमांनी मात्र सुरुवातच लव-कुशांच्या गाण्यानं केली होती. म्हणजे सीता वनात आहे, हे पहिल्या शुक्रवारीच गृहीत. शेवटाकडं तिचं लक्ष्मणाला विचारणं आहे, मी आता जाऊ कुठं, या अर्थाचं. रेडिओनं तो प्रश्न १९५६ सालीच विचारला होता, त्यासाठी कुणाला संप करावा लागला नाही.

तो प्रश्न आमच्या घरानंही एकदा विचारला. डिसेंबर १९९२ मध्ये. आमच्या गल्लीत काही झालं नाही, पण रेडिओचा आवाज आपोआप खाली आला. रामाचं नाव रस्त्यावर ज्या सुरात ऐकू येत होतं, तो सूर आमच्या ओळखीचा नव्हता. अब्बा दुकानात मुकाट बातम्या ऐकत. मार्च संपला, रामनवमी आली. सकाळी रेडिओवर पहिलं गीत लागलं आणि अब्बांनी सवयीनं हात पुढं केला, तो बटणावर तसाच राहिला. वाढवावा तर कुणाला काय वाटेल, बंद करावा तर कुणाला काय वाटेल. दोन्हीकडचे लोक मनात मोजून झाले असतील.

तेवढ्यात पलीकडच्या भिंतीवर थापा पडल्या. त्याच आजी. ‘मास्तर, आमच्या रेडिओचे सेल गेलेत. जरा मोठ्यानं लावा की!’

अब्बा मला म्हणाले, ‘आवाज बढा जरा.’

मी बटण पुरतं फिरवलं.