पांढरीच्या पोटात

परभणी जिल्ह्यातल्या जुन्या गावात जमिनीचे दोन भाग सांगतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यात सगळीकडे काळेभोर रान असताना गावठाण तेवढे पांढुरक्या मातीच्या उंचवट्यावर का असते? वर्गात हा प्रश्न विचारला तर मुले म्हणतील, "पुराच्या भीतीने लोकांनी उंच जागा निवडली." हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. पुष्कळ ठिकाणी उंचवटा आधी एवढा नव्हता, तो माणसांच्या राहण्यानेच वाढला. मातीच्या भिंती पडल्या, चुलीची राख, शेण, चुना, हाडे आणि फुटकी गाडगी त्यांत मिसळली आणि त्याच ढिगावर पुढच्या पिढीने नवे घर बांधले. असे शेकडो वर्षे चालले. राख आणि चुना मिसळल्याने माती फिकट झाली. म्हणूनच दख्खनमध्ये पुरातत्त्वज्ञ नवा प्रदेश पाहायला निघाले की आधी पांढरीची टेकाडे शोधतात.

अशा टेकाडात उभा खड्डा घेतला तर त्याच्या बाजूंवर मातीचे थर दिसतात. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. हा विचार भूगर्भशास्त्रातून आला. १९४४ ते १९४८ या काळात मॉर्टिमर व्हीलर भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. थर ओळखून खोदण्याची शिस्त त्यांनी इथल्या विद्यार्थ्यांना लावली. त्यांचा आग्रह असा, की केवळ खोली मोजून भागत नाही. यासाठी मराठवाड्यातले पेव आठवावे. धान्य साठवण्यासाठी कोणी तीन पुरुष खोल पेव खणले आणि त्यात एक नाणे पडले, तर ते नाणे हजार वर्षांपूर्वीच्या थराच्या पातळीला जाऊन बसते. पण ते त्या थराचे नव्हे. पेवाची कड कोणत्या थरापासून खाली कापत गेली आहे, हे पाहिले तरच नाण्याचा काळ चुकत नाही.

थरांवरून क्रम कळतो. वस्तूंची नावे आणि काळ कसे ठरवायचे? डेन्मार्कच्या थॉमसेन यांनी १८३६ मध्ये पाषाण, कांस्य आणि लोह अशी तीन युगे मांडली. ही मांडणी आपल्याकडे जशीच्या तशी बसली नाही. संगमनेरजवळच्या जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले. तिथल्या लोकांकडे तांब्याच्या कुऱ्हाडी होत्या, तशी दगडाची बारीक पातीही होती. लाल रंगावर काळी नक्षी काढलेली त्यांची तोटीची भांडी पुढे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी सापडली. अशा वस्त्यांना ताम्रपाषाणयुगीन म्हणतात. नाणे किंवा शिलालेख नसला तरी खापरावरून वस्ती ओळखता येते, कारण भांडी घडवण्याची रीत काळानुसार बदलते आणि भाजलेले खापर कुजत नाही.

परभणीत येण्यापूर्वी गोदावरीला प्रवरा मिळते. त्या प्रवरेकाठच्या नेवासे येथे डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. नदीकाठच्या वाळू-गोट्यांत अश्मयुगीन हत्यारे मिळाली, टेकाडात ताम्रपाषाणयुग, त्यावर सातवाहनकाळ आणि सर्वांत वर मुसलमानी व मराठा अमदानीचे अवशेष. सातवाहनकाळाच्या थरांत रोमन मद्यकुंभांची खापरे होती. त्यांचा काळ युरोपातून माहीत होता, त्यामुळे त्यांच्या जोडीला पडलेल्या देशी मडक्यांचाही काळ बांधता आला. 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे आपले अध्यापनाचे सूत्र इथेही चालते.

१९४९ मध्ये अमेरिकेत लिबी यांनी किरणोत्सारी कार्बनाची पद्धत दाखवून दिली. सजीव मेला की त्याच्यातला कार्बन-१४ घटू लागतो आणि सुमारे ५७३० वर्षांत निम्मा उरतो. जळका दाणा किंवा कोळसा मिळाला की त्यावरून काळ काढता येऊ लागला.

मग प्रश्नही बदलले. केव्हा एवढे कळून समाधान होईना, असे का घडले तेही विचारले जाऊ लागले. पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन चालले. तिथे साधारण इ.स.पू. १४०० ते १००० या काळात मोठी चौकोनी घरे होती आणि पाण्याचा पाट होता. त्यानंतरच्या थरांत लहान गोल झोपड्या दिसतात. शेती मागे पडून शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर भर आलेला दिसतो. म. के. ढवळीकर यांनी याचा संबंध कमी होत गेलेल्या पावसाशी जोडला. दुष्काळ जवळून पाहिलेल्या परभणीच्या मुलांना हा तर्क समजावून सांगावा लागणार नाही.

हे सगळे एका अटीवर कळते: वस्तू जिथे पडली तिथेच, जोडीच्या वस्तूंसह सापडली पाहिजे. पांढरीची माती माळवदावर घालायला चांगली आणि शेताला खत म्हणूनही चांगली, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या नेली गेली. पूर्वी हे काम टोपल्यांनी चाले, आता यंत्राने एका दिवसात टेकाडाचा कोपरा उडतो. रानात पसरलेले खापर खापरच राहते, पण ते कोणत्या थरातले, कशाच्या शेजारचे, हे पुन्हा कोणालाही सांगता येत नाही. चांगल्या हेतूने शाळेच्या कपाटात गोळा केलेल्या मण्यांचीही गत तीच.

म्हणून सहल पांढरीवर न्यावी, पण खोदू नये. आधीच कापल्या गेलेल्या कडेवरचे थर मुलांना मोजायला लावावेत, त्यांची आकृती काढून घ्यावी, खापर जागेवरच ठेवून त्याचे चित्र काढावे आणि जागा, तारीख लिहावी. नाणी किंवा मूर्ती सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. हेही मुलांना सांगावे. गावात पांढरी कोणी, कधी आणि कोठून खणली, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवले तर तीसुद्धा उपयोगी नोंद होईल.